यीरोस : फिरत्या सळईचे भाषांतर

'अस्सल' हे विशेषण पाककृतींच्या शीर्षकांत जितक्या सढळपणे वापरले जाते, तितक्या सढळपणे ते साहित्यसमीक्षेत वापरले गेले असते तर आमच्या विभागाने त्यावर निदान दोन परिसंवाद घेतले असते. पाककृतीच्या बाबतीत मात्र कोणी जाब विचारत नाही. 'घरच्या घरी अस्सल ग्रीक यीरोस, कोकराच्या मांसाचा' असे शीर्षक समोर येते, खाली जिन्नसांची यादी येते, आणि वाचक निमूटपणे लसूण सोलायला घेतो. आम्ही दोघे मराठी शिकवतो, घरचा स्वयंपाक आळीपाळीने करतो, आणि शब्दांकडे संशयाने पाहण्याची व्यावसायिक खोड स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर काढून ठेवणे आम्हांला जमत नाही. वरच्या शीर्षकातला जवळजवळ प्रत्येक शब्द वादग्रस्त आहे, असे आमचे म्हणणे आहे. आणि तरीही घरी यीरोस करावा, तोही कोकराचा किंवा बोकडाचा करावा, असेही आमचे म्हणणे आहे. ही दोन विधाने परस्परविरोधी का नाहीत, हे सांगण्यासाठी हा लेख.

ज्यांनी यीरोस पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन आवश्यक आहे. उभ्या सळईवर मांसाचे पातळ काप एकावर एक रचून मोठा शंकू केलेला असतो. सळई सावकाश फिरत राहते. बाजूला उभी शेगडी धगधगत असते. जो भाग धगीसमोर येतो तो खरपूस होतो आणि तेवढाच लांब सुरीने तासून घेतला जातो. आत कच्चे, बाहेर खमंग, असे ते मांस तासून काढताच नवा पृष्ठभाग धगीसमोर येतो. वरची चरबी वितळून खालच्या थरांवर ओघळत राहते. हे तासलेले तुकडे तव्यावर तेलात शेकलेल्या जाडसर पीता रोटीत घालतात. सोबत टोमॅटो, कांदा, काकडी-लसणाचे घट्ट दही, म्हणजेच त्झात्झिकी, आणि आजच्या ग्रीसमध्ये बहुधा तळलेल्या बटाट्याच्या फोडीही. सगळे कागदात गुंडाळून हातात देतात. उच्चार 'यीरोस'. अमेरिकेत त्याचा 'जायरो' झाला. शेवटचा 'स' तिथे अनेकवचनाचा समजला गेला आणि एकवचन करण्यासाठी कापून टाकण्यात आला. मूळ ग्रीक शब्द एकवचनीच आहे. जायरोस्कोप या यंत्राच्या नावात आपल्याला परिचित असलेला शब्द तो हाच. अर्थ : फेरा, वर्तुळाकार फिरणे.

आता हा 'फेरा' कुठून आला ते पाहू. तुर्की भाषेत याच उभ्या, फिरत्या मांसाला 'दोनेर' म्हणतात. 'दोनमेक' म्हणजे फिरणे; दोनेर म्हणजे फिरणारा. अरबी 'शावर्मा' हा शब्दही तुर्कीतल्या 'चेविर्मे' या शब्दाचे अरबी उच्चारात बसलेले रूप आहे, आणि त्याचाही अर्थ फिरवणे हाच. अरबांनी शब्दच उचलला, ग्रीकांनी त्याचा अर्थ उचलला. पूर्वी ग्रीसमध्येही या पदार्थाला दोनेर असेच म्हणत. तो शब्द तुर्की असल्याची टीका विशेषतः १९७०च्या दशकात तीव्र झाली आणि 'यीरोस' हा ग्रीक प्रतिशब्द सर्वत्र रूढ झाला. १९७४ साली तुर्कस्तानचे सैन्य सायप्रसमध्ये उतरले, त्यानंतर ग्रीक उपाहारगृहांतली 'तुर्की कॉफी'ही 'ग्रीक कॉफी' झाली. भांडे तेच, भुकटी तीच, फेस तोच. भाषांतरशास्त्रात ज्याला शब्दशः घडवलेला प्रतिशब्द म्हणतात, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण वर्गात द्यायला आम्हांला सापडलेले नाही.

मराठीच्या अध्यापकांना यात हसण्यासारखे काही दिसू नये, कारण हा खेळ आपणही खेळलो आहोत. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने फार्सी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले. सावरकरांनी 'मेयर'चा 'महापौर' केला आणि तो इतका रुजला की आज तो घडवलेला शब्द आहे हे सांगावे लागते. आणि ज्यांनी फार्शी-मराठी कोश सिद्ध केला त्या माधव जूलियनांनीच पुढे १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला, या विसंगतीवर आमचे विद्यार्थी दर वर्षी नव्याने चकित होतात. भाषाशुद्धीच्या चळवळी सर्वस्वी हास्यास्पद असतात असे आम्ही मानत नाही. महापौर चांगला शब्द आहे, यीरोसही चांगला शब्द आहे. (आपल्याकडच्या कोणा उत्साही शुद्धिवाद्याच्या हाती हे काम गेले असते तर 'परिभ्रमणमांस' झाले असते, हे लक्षात घेता ग्रीक फारच सुटसुटीतपणे सुटले.) आमचा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. प्रतिशब्द घडवला जातो तेव्हा सगळ्यांना ठाऊक असते की तो प्रतिशब्द आहे. एक पिढी उलटली की तो मूळ शब्द ठरतो, आणि त्याच्या आधारावर पदार्थही मुळापासून आपलाच होता असे सांगितले जाऊ लागते. 'अस्सल' हे विशेषण ही दुसरी पायरी चढून वर येते.

या विस्मरणाची किंमत कोणी चुकवली हे सांगितल्याशिवाय ही चर्चा पुरी होणार नाही. सप्टेंबर १९२२ मध्ये स्मिर्ना, म्हणजे आजचे इझमीर, जळाले. जानेवारी १९२३ मध्ये लोझान येथे ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येच्या सक्तीच्या अदलाबदलीचा करार झाला. सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती अनातोलिया आणि परिसर सोडून ग्रीसमध्ये आले, त्यातले पुष्कळसे कराराआधीच जीव मुठीत धरून पळालेले. साडेतीन-चार लाख मुसलमान ग्रीसमधून तुर्कस्तानात गेले. अदलाबदलीचा निकष धर्म हा होता, भाषा नव्हे. त्यामुळे 'ग्रीक' ठरून ग्रीसमध्ये आलेल्यांत असे हजारो लोक होते की ज्यांची घरची भाषा तुर्की होती. त्यांतले कारामानली ख्रिस्ती तुर्की भाषा ग्रीक लिपीत लिहीत. नव्या मायदेशी त्यांच्या बोलण्याची, त्यांच्या मसाल्यांची चेष्टा झाली. फाळणीचा इतिहास वाचलेल्या वाचकाला यातले काहीच नवखे वाटणार नाही. हे लोक येताना जे आणू शकले त्यात गाणी होती, आणि खाणे होते. उभ्या सळईवरचे मांस ग्रीसच्या शहरांत रुळले ते या निर्वासितांच्या हातांनी. या पदार्थाला 'शुद्ध ग्रीक' म्हणणे म्हणजे आधी त्यांचे गाव पुसले, आता त्यांच्या हाताची चवही दुसऱ्याच्या नावावर लावणे होय.

नाव बदलले तरी स्वयंपाकघर मात्र फारसे बदलले नाही, हेही खरे. त्झात्झिकी हा शब्द तुर्की 'जाजिक'वरून आला आहे. ग्रीक केफ्तेस म्हणजे तुर्की क्योफ्ते, आपला कोफ्ता. ज्याच्या नावावरून ग्रीक भाषेत पाकपुस्तकालाच 'त्सेलेमेन्देस' म्हणतात, त्या निकोलाओस त्सेलेमेन्देस या बल्लवाचार्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ग्रीक खाण्यातले तुर्कीपण धुऊन काढण्याचा चंग बांधला, आणि मुसाक्यावर फ्रेंच पद्धतीचा दूध-मैद्याचा पांढरा थर चढवला. म्हणजे शुद्धीसाठीही साबण परदेशीच लागला. शिवाय मुसाका हा शब्द मूळचा अरबी, तुर्कीतून आलेला; तो कायम राहिला तो राहिलाच.

आणि एक शब्द असा आहे की जो आम्हांला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटतो. ग्रीक गृहिणी खाटकाच्या दुकानात जाऊन बारीक केलेले मांस मागते तेव्हा ती 'किमास' मागते. तुर्की गृहिणी 'कीयमा' मागते. आपण 'खिमा' मागतो. तिघींच्या हातात पडणारी पुडी एकच आहे आणि शब्दही एकच आहे. त्याला कोणी हात लावला नाही. बहुधा शुद्धिवादी खाटकाच्या दुकानात रांगेत उभे राहत नसावेत. (या ओघात, 'अस्सल' हा शब्दही मूळचा अरबी आहे, एवढे नोंदवून पुढे जातो.)

आता शीर्षकातल्या दुसऱ्या शब्दाकडे, कोकराकडे. ग्रीसमध्ये रस्त्यावर मिळणारा यीरोस बहुतांशी डुकराच्या मांसाचा असतो, आणि अलीकडे कोंबडीचाही. कोकरू हे तिथे ईस्टरच्या सणाचे, अख्खे सळईवर भाजायचे आणि अर्थातच महाग मांस. मुसलमान तुर्कांचा दोनेर मेंढीच्या मांसाचा असे. ख्रिस्ती ग्रीसमध्ये त्याचे डुक्कर झाले. हाच प्रवास लेबनॉनी स्थलांतरितांबरोबर मेक्सिकोला गेलेल्या शावर्म्याचाही झाला आणि तिथे त्याचा डुकराच्या मांसाचा 'अल पास्तोर' झाला. त्या नावाचा अर्थ मात्र 'मेंढपाळाच्या पद्धतीचा' असाच राहिला आहे. मग 'ग्रीक पद्धतीचा, कोकराचा यीरोस' ही कल्पना आली कुठून? ती अमेरिकेतून आली. १९७०च्या दशकात शिकागो आणि मिलवॉकी या शहरांत खिम्याचे शंकू कारखान्यात तयार होऊ लागले : गोमांस आणि कोकराचे मांस एकत्र दळून, पावाचा चुरा व मसाले घालून, साच्यात दाबून, गोठवून. 'क्रोनोस' ही त्यातली आजही नावाजलेली कंपनी १९७५ सालची. हे शंकू मोठ्या प्रमाणावर करण्याची कल्पना प्रथम ज्यांना सुचली त्यांच्यात मिलवॉकीचा एक मोटार-विक्रेता होता, तो ग्रीक नव्हता, ज्यू होता, आणि त्याचे आडनाव गार्लिक होते, असे वृत्त न्यूयॉर्क टाइम्सने २००९ साली दिले होते. कादंबरीकाराने पात्राला असे आडनाव दिले असते तर आम्ही ते समीक्षेत ढोबळ ठरवले असते.

म्हणजे पाहा : नाव तुर्की नावाचे भाषांतर, आणणारे अनातोलियाचे निर्वासित, कोकरू जुन्या ऑटोमन पाकशास्त्राचे, खिम्याचा साचा शिकागोचा. आपल्या घरी भाकरी-वरणाच्या ओट्यावर आपण जो 'अस्सल ग्रीक' यीरोस करणार, त्याचा मूळ पाठ कोणता? पाठचिकित्सेच्या परिभाषेत बोलायचे तर इथे आदर्श प्रत उपलब्धच नाही. उपलब्ध आहेत त्या सगळ्या पाठभेद असलेल्या प्रती. उभी सळई तरी मूळची आहे का? एर्झुरुमकडे 'जा' कबाब आजही आडव्या सळईवर फिरतो. सळई उभी झाली ती एकोणिसाव्या शतकात, आणि ती आपणच उभी केली असे बुर्सा शहरातले इस्केंदर घराणे सांगते. इतरही दावेदार आहेत.

दावेदारीचा हा सोस आजही ओसरलेला नाही. इस्तंबूलमधल्या दोनेर महासंघाने २०२२ साली युरोपीय संघाकडे अर्ज केला की दोनेर या नावाला 'पारंपरिक वैशिष्ट्यपूर्ण पदार्थ' म्हणून संरक्षण मिळावे. मांस कोणते, कापांची जाडी किती, सुरी केवढी, हे सगळे ठरवून द्यावे. जर्मनीने हरकत घेतली. बर्लिनच्या कोपऱ्याकोपऱ्यावर दोनेर विकणारे लोकही तुर्की स्थलांतरितच, किंवा त्यांची मुले-नातवंडे. त्यांनी पावात घालून दिलेला दोनेर हे त्यांचे स्वतःचे कर्तृत्व आहे. अखेर सप्टेंबर २०२५ मध्ये तो अर्ज मागे घेण्यात आला. आम्हांला हा निकाल बरा वाटला. याउलट, २०१४ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने दिलेला निर्णयही आम्हांला बराच वाटतो : तिथे अमेरिकेत बनवलेल्या दह्यावर 'ग्रीक दही' असे छापता येणार नाही, असे ठरले. ग्रीसबाहेरच्या दह्याला तिथे 'ग्रीक पद्धतीचे' म्हणावे लागते. वाचक विचारतील, हे कसे? एकीकडे नावाला कुंपण नको म्हणता, दुसरीकडे कुंपणाचे स्वागत करता? फरक असा की बर्लिनचा दोनेरवाला आपण तुर्की वारसा चालवतो आहोत हे लपवत नाही. अमेरिकेतले दही मात्र आपण ग्रीसहून आलो आहोत असा समज करून देते. 'पद्धतीचे' हा शब्द दिसायला गौण, पण त्यात एक सभ्य कबुली आहे : हे तिथले नाही, तिथून शिकलेले आहे. 'अस्सल'पेक्षा आम्हांला तो शंभर पटींनी आवडतो. आमच्या मते घरच्या यीरोसच्या शीर्षकात टिकण्याच्या लायकीचा शब्द एवढाच.

मग निष्ठा कशाशी राखायची? चांगला भाषांतरकार शब्दाला शब्द ठेवत नाही, पण मनमानीही करत नाही. मूळ रचनेत कोणती गोष्ट काय काम करते हे तो ओळखतो आणि आपल्या भाषेत ते काम दुसऱ्या साधनाने करून घेतो. यीरोसमध्ये फिरती सळई काय काम करते? ती मांसाच्या प्रत्येक तुकड्याला केव्हातरी पृष्ठभाग होण्याची संधी देते. पीतामध्ये पडणारा प्रत्येक काप पातळ असतो, त्याची एक बाजू करपण्याच्या सीमेवर खमंग झालेली असते आणि दुसरी मऊ, चरबीने ओलसर असते. हे साधले की यीरोस झाला. सळई घरी आणून काही उपयोग नाही. पंधरावीस किलोचा शंकू आणि त्याला दिवसभर तासून नेणारी गिऱ्हाइके असतील तरच तिला अर्थ आहे. चौघांच्या कुटुंबासाठी किलोभर मांस सळईवर फिरवले तर ते बाहेरून खमंग होईपर्यंत आतून वाळून जाते.

घरी हे काम दोन टप्प्यांत विभागावे लागते : आधी मांस शिजवून घट्ट वडी करायची, नंतर तिचे पातळ काप करून तव्यावर खमंग करायचे. शिकागोच्या साच्याचा इथे उपयोग होतो, आणि ग्रीक मंडळींनी खिम्याच्या शंकूला कितीही नाके मुरडली तरी घरासाठी आम्ही त्याचीच शिफारस करू. पाश्चात्त्य पाककृतींत ज्याला कोकराचे मांस म्हणतात ते आपल्याकडे सहज मिळत नाही. आपल्या बाजारात 'मटण' म्हणजे बहुधा बोकड. माणदेशाकडे, सोलापूर-सांगलीच्या बाजूला मेंढीचे मटण मिळते, तेव्हा ते घ्यावे. त्याच्या चरबीलाच तो विशिष्ट वास असतो आणि यीरोसला तो हवा असतो. बोकडाचे घेतले तर ते कोरडे असते हे ध्यानात ठेवून खाटकाकडून चरबी मागून घ्यावी : आठशे ग्रॅम खांद्याचे मांस आणि दोनशे ग्रॅम चरबी, दोन्ही एकत्र बारीक केलेली. बिनचरबीच्या खिम्याचा यीरोस करणाऱ्यांशी आमचा वाद नाही. त्यांनी त्याला कटलेट म्हणावे.

सगळी मेख मिठात आहे. पाककृतींत 'चवीनुसार मीठ' असे लिहिलेले असते, पण इथे मीठ चवीपुरते नाही. किलोभर खिम्याला अठरा ग्रॅम, म्हणजे सपाट तीन लहान चमचे, मीठ लावून तो तासभर शीतकपाटात ठेवला की मांसातली प्रथिने सुटतात आणि चिकट होतात. मग मळल्यावर गोळा कणकेसारखा एकजीव होतो. ही चिकटाई नसेल तर वडीचे काप पडत नाहीत, भुगा पडतो. काश्मिरी गुश्ताब्याचे मांस दगडावर लाकडी मोगरीने कुटतात त्यामागे हेच शास्त्र आहे. आपण मिक्सरचा आधार घेऊ शकतो, परंतु मिक्सर तापतो आणि तापला की चरबी वितळून वेगळी होते. म्हणून खिमा जवळजवळ गोठण्याइतका थंड करून, थोडा थोडा, दोन चमचे बर्फाचे पाणी घालत वाटावा. त्याआधी एक मध्यम कांदा किसून, फडक्यात घट्ट पिळून, त्याचा चोथा तेवढा घालावा. पाणी राहिले तर वडी सच्छिद्र होते. आठ-दहा लसूणपाकळ्या, चमचाभर मिरपूड, दोन चमचे सुका ओरेगॅनो. पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुड्या साठवण्याची सवय ज्या घरांत आहे, त्यांना ती इथे फळाला आली असे वाटेल. पण त्या पुड्यांत बहुधा मिरचीचा चुरा आणि इतर मसाले मिसळलेले असतात.

पाश्चात्त्य यादीत पुढे 'मार्जोरम' असते आणि आपल्याकडचे वाचक ते दुर्मिळ समजून गाळतात. मार्जोरम म्हणजे आपला मरवा. गजऱ्यात अबोलीबरोबर ओवला जातो तोच. देवळाबाहेरच्या फुलवाल्याकडचा मात्र घेऊ नये, त्यावर काय फवारले असेल सांगता येत नाही. कुंडीत लावावा, तो सहज येतो, आणि त्याची मूठभर पाने सावलीत वाळवून चुरावी. शेकडो वर्षे आपण ज्याचा नुसता वास घेतला, तो खाताही येतो, हा शोध आम्हांला यीरोसने लावून दिला. याउलट जिरे, धने, गरम मसाला यांतले काहीही घालू नये. घातले तर खायला उत्तम लागेल यात शंका नाही, पण मग तो शीग कबाब आहे, आणि शीग कबाबाला दुसऱ्याच्या नावाची गरज नाही.

हे मिश्रण पावाच्या लांबट डब्यात हवा राहणार नाही असे ठासून भरावे. भट्टी असेल तर १६० अंश सेल्सियसवर तासाभराहून थोडे अधिक; वडीच्या मध्यभागी ७१ अंश तापमान झाले पाहिजे, आणि खिम्याच्या बाबतीत हे अंदाजाने ठरवू नये, तापमापक खुपसून पाहावे. भट्टी नसेल तर डब्याला घट्ट झाकण लावून ढोकळ्यासारखे वाफवले तरी चालते. हे वाचून कोणी भुवया उंचावतील; परंतु खमंगपणाचे काम तव्याकडे सोपवलेले असल्यामुळे पहिल्या टप्प्याला फक्त शिजवायचे आहे. बाहेर काढल्यावर सुटलेले पाणी-चरबी ओतून बाजूला ठेवावी आणि वडीवर वजन ठेवावे. अमेरिकन पाककृतींत त्यासाठी कागदात गुंडाळलेली वीट सांगतात. आमच्या घरी वरवंटा आहे, आणि पावाच्या डब्यात तो जणू मापाने घडवल्यासारखा बसतो. अर्ध्या तासाने, वडी निवली की, ती शीतकपाटात रात्रभर राहू द्यावी. दुसऱ्या दिवशी धारदार सुरीने जेमतेम तीन मिलिमीटरचे काप करावेत, बिडाचा तवा चांगला तापवावा, बाजूला ठेवलेली चरबी त्यावर सोडावी आणि काप एकाच बाजूने खरपूस करावेत. दोन्ही बाजूंनी केले तर कुरकुरीत होतात, पण सळईवरच्या मांसाचे दुहेरीपण जाते. या मुद्द्यावर आम्ही दोघेही ठाम आहोत.

बाकीचे सोपे आहे. ग्रीक पीता पोकळ नसते, जाडसर नानासारखी असते. पोटात पिशवी असणारी पीता अरबी. त्झात्झिकीसाठी ग्रीक पद्धतीचे महागडे दही विकत आणण्याची मराठी घराला गरजच नाही. फडक्यात बांधून टांगलेले दही, अर्थात श्रीखंडाचा चक्का, म्हणजे तेच. काकडी किसून मीठ लावून पिळावी, वाटलेली लसूण, ऑलिव्हचे तेल, थोडे लिंबू किंवा व्हिनेगर, आणि ते चक्क्यात मिसळावे. कोशिंबिरीची आठवण होणे अपरिहार्य आहे. हात साखरेकडे आणि दाण्याच्या कुटाकडे आपोआप वळतो, तो आवरावा. फोडणी तर नाहीच.

राहता राहिला शेपू. ग्रीक त्झात्झिकीत बडीशेपेसारख्या वासाची शेपूची जात चिरून घालतात, काही ठिकाणी पुदिना. आमच्यापैकी एकीचे म्हणणे, शेपू घालावाच, आणि मंडईत मिळतो तोच घालावा, फक्त कोवळे शेंडे खुडून. दुसऱ्याचे म्हणणे, मंडईतला शेपू मुगाच्या डाळीबरोबर शोभतो, इथे पुदिनाच बरा. अथेन्समध्ये 'कलामाकी' मागितले तर मांसाची छोटी सळई मिळते आणि थेस्सालोनिकीत तोच शब्द उच्चारला तर पेय पिण्याची नळी हातात येते, अशी तिथली जुनी थट्टा आहे; एका देशातल्या दोन शहरांचे जिथे एकमत नाही तिथे एका घरातल्या दोघांचे व्हावे अशी अपेक्षा आम्ही ठेवलेली नाही. सध्या त्झात्झिकीची दोन पातेली होतात.